एमएसला जाताय? होमवर्क, ग्रुप स्टडी आणि ग्रेडचं गणित आधी समजून घ्या

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ज्युनियर लोकांचे मेसेज सुरू होतात. ताई कुकर तीन लिटरचा नेऊ का पाचचा, बँकेत अकाउंट कुठे उघडू, कॉम्प्युटर सायन्सचे तीन कोर्स एकदम झेपतील का. सगळं विचारतात पण कोर्सच्या पॉलिसीबद्दल कोणी विचारत नाही. मग ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्री कधीतरी एखादा मेसेज येतो, "ताई जागी आहेस का, प्रोफेसरचा मेल आलाय, अकॅडमिक इंटिग्रिटी असं काहीतरी लिहिलंय." म्हणजे कॉपीचा संशय आलाय, आणि तेव्हा फार काही करता येत नाही. म्हणून हे एकदा नीट लिहून टाकते. मी पुण्यात बीई केलं, मग अमेरिकेत एमएस, आणि तिथे दोन सेमिस्टर ग्रेडर, म्हणजे प्रोफेसरसाठी होमवर्क तपासणारी, होते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात. खरं तर तिसरीही, ते पुढे येईलच.

आधी आपण कुठून आलोय ते बघू. पुणे विद्यापीठाच्या इंजिनियरिंगमध्ये मार्कांची गाडी आमच्या वेळी इनसेम ३० आणि एंडसेम ७० वर चालायची. सबमिशन म्हणजे फाईल, राईटअप, सह्या आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येऊ नये म्हणून केलेली पळापळ. एक हुशार पोरगी आधी लिहायची, तिची फाईल अख्ख्या बॅचमध्ये फिरायची. ड्रॉईंगच्या शीटला खाली दिवा लावून काचेवर जीटी मारलेलं कोण नाही? कोणाला त्यात चोरी वाटायची नाही कारण सगळ्यांना, मास्तरांनाही, माहीत होतं की खरी परीक्षा वेगळी आहे. आता तिकडचं बघा. तिकडे होमवर्क हीच परीक्षा असते. तीसचाळीस टक्के, कधी पन्नास टक्के ग्रेड त्याच्यावर, आणि म्हणून आपण ज्याला मदत म्हणतो त्यातलं निम्मं तिकडे चीटिंग धरलं जातं. पोरं वाईट नसतात हो, सवय जात नाही.

सिलॅबस म्हणजे युनिटची यादी नाही

आपल्याकडे सिलॅबस म्हणजे युनिट एक ते सहा. तिकडे सिलॅबस म्हणजे नियमांचं पान: कशाला किती टक्के, उशीर झाला तर काय, कोणाशी काय बोलायचं, चॅटजीपीटी चालतं का, मार्क चुकले तर किती दिवसांत सांगायचं. पहिल्या आठवड्यात हे पान उघडून, चहा घेऊन, पूर्ण वाचायचं. पहिल्या लेक्चरला प्रोफेसर त्यावरून भराभर जातात आणि आपण तेव्हा ॲक्सेंट समजून घेण्यात गुंतलेलो असतो, त्यामुळे "क्लासमध्ये सांगितलं असेल की" यावर राहू नका. आणि तीन कोर्स घेतलेत तर तिन्हीचे नियम वेगळे असतात, हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. अल्गोरिदमच्या कोर्सला ग्रुपमध्ये चर्चा चालते म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टलाही चालत असेल असं नसतं.

वाचता वाचता सगळ्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. तिकडे आधी महिना मग तारीख, म्हणजे ९/१० ही १० सप्टेंबर, ९ ऑक्टोबर नाही. हसू नका, माझ्या वर्गात एकाने हे केलंय. रात्री ११:५९ ची डेडलाईन ही सर्व्हरच्या घड्याळाची असते, तुमच्या नाही. काही कोर्सला "एनीव्हेअर ऑन अर्थ" असं लिहिलेलं असतं, म्हणजे जगात सगळ्यात शेवटी जिथे ११:५९ वाजतात तिथली वेळ. जॉर्जिया टेकचा ऑनलाईन एमएस २०१४ साली सुरू झाला आणि तो नोकरी करता करता घरूनच करता येतो. पुण्यात बसून असला कोर्स करत असाल तर रविवारची एनीव्हेअर ऑन अर्थ वाली डेडलाईन म्हणजे आपल्याकडे सोमवारी संध्याकाळचे साडेपाच. सोमवारी दुपारच्या मीटिंगा टाळायच्या. आणि तिकडे राहत असाल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्या आठवड्यात आईच्या फोनची वेळही चुकते आणि डेडलाईनचीही.

आता टक्क्यांचं गणित एकदा कागदावर करून बघा. समजा होमवर्कला ४० टक्के आणि पाच होमवर्क आहेत, म्हणजे एकाला ८. दर दिवसाच्या उशिराला दहा टक्के कापतात असं धरू. दोन दिवस उशिरा दिलं तर ८ मधले १.६ गेले, बस. दिलंच नाही तर ८ गेले. आणि कॉपी सापडली तर काही कोर्समध्ये शून्य नाही देत, उणे शंभर टक्के देतात, म्हणजे मिळायचे ते ८ गेले आणि वरून आणखी ८ कापले, १६ चा खड्डा. रात्री दोन वाजता मित्राची फाईल समोर असते तेव्हा हे आकडे आठवायचे. उशिरा दिलेलं अर्धवट होमवर्क हे कॉपीपेक्षा स्वस्तच पडतं, नेहमी.

लेट डे जपून वापरा

बऱ्याच कोर्सला लेट डे मिळतात, म्हणजे सेमिस्टरभर मिळून चार-पाच दिवस, ज्यात उशिरा दिलं तरी मार्क कापत नाहीत आणि कारणही द्यावं लागत नाही. एका होमवर्कला जास्तीत जास्त दोन, असं काहीतरी बंधन असतं. लोक पहिल्याच होमवर्कला दोन उडवतात कारण घर लावायचं राहिलंय, फर्निचर आणायचंय. नका करू. पहिलं होमवर्क सगळ्यात सोपं असतं. लेट डे ठेवायचे मिडटर्मच्या आठवड्यासाठी, जेव्हा तिन्ही कोर्सचं सगळं एकदम अंगावर येतं आणि वर नवरात्र नाहीतर दिवाळीही तेव्हाच असते.

अपलोडमध्ये एक गोची असते ती सांगते. बहुतेक ठिकाणी ग्रेडस्कोप नावाच्या वेबसाईटवर सबमिट करायचं असतं (हे बर्कलीच्या लोकांनी २०१४ साली बनवलं, २०१८ साली टर्निटिनने विकत घेतलं), आणि तिथे सहसा शेवटचं सबमिशन धरतात. म्हणजे तुम्ही ११:५० ला चांगलं दिलं आणि १२:०३ ला "फक्त एक कॉमेंट सुधारून" परत अपलोड केलं, तर तुमचं होमवर्क आता लेट. चार मिनिटांसाठी आख्खा लेट डे गेला. त्याउलट जे अर्धवट झालंय ते संध्याकाळी सहालाच एकदा टाकून ठेवायचं, मग सुधारत राहायचं, म्हणजे वायफाय गेलं तरी काहीतरी जमा आहे. लेखी होमवर्क असेल तर कुठला प्रश्न कुठल्या पानावर आहे ते मार्क करायला सांगतात, तेही करा, ग्रेडर रात्री अकरा वाजता शंभरावं होमवर्क तपासत असतो आणि त्याला तुमचं उत्तर शोधायला लावलं तर तो प्रेमाने नाही तपासणार. मी तरी नाही तपासायचे.

ऑटोग्रेडरवर (कोड आपोआप तपासणारा प्रोग्राम) आपल्याला जे टेस्ट दिसतात ते सगळे नसतात, लपवलेले वेगळे असतात. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं म्हणून झोपायला जाऊ नका. रिकामी लिस्ट, एकच एलिमेंट, निगेटिव्ह आकडे, खूप मोठा इनपुट, हे स्वतः चालवून बघा.

एक्स्टेंशन हवं असेल तर डेडलाईनच्या आधी मेल करायचा. नंतर केलेल्या मेलला सहसा एकच उत्तर असतं, सिलॅबस बघा. आणि मेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर, आय हम्बली रिक्वेस्ट यू" वालं अर्जाचं इंग्रजी नको. चार ओळी पुरतात: मी कोण, कुठला कोर्स, काय झालंय, किती दिवस हवेत. आजारपण, घरी कोणी गेलं, असं काही असेल तर लोक तिकडे खरंच समजून घेतात, माझी आजी गेली तेव्हा मला न मागता आठवडा मिळाला होता. दिवाळीला सहसा सुट्टी नसते पण सणासुदीच्या सवलतीचा नियम बहुतेक विद्यापीठांत असतो, फक्त तो सेमिस्टरच्या सुरुवातीला सांगायचा असतो, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही.

आता मुख्य मुद्दा, एकत्र अभ्यास

ढोबळमानाने तीन प्रकारचे कोर्स असतात. एक, कोणाशीही काहीही बोलायचं नाही, फक्त टीए (टीचिंग असिस्टंट, शिकवायला मदत करणारे सीनियर विद्यार्थी) आणि प्रोफेसर. दोन, चर्चा करा पण लिहा एकट्याने, आणि ज्यांच्याशी बोललात त्यांची नावं वरती लिहा. तीन, जोडीने किंवा ग्रुपने एकच सबमिशन. सगळे लोच्ये दुसऱ्या प्रकारात होतात कारण चर्चा कुठे संपते आणि लिहिणं कुठे सुरू होतं हे आपल्याला कधी कोणी शिकवलेलंच नसतं.

मला जो नियम सगळ्यात कामाचा वाटला तो असा, चर्चेतून उठताना हात रिकामे पाहिजेत. फळ्यावर चर्चा केली तर फळा पुसून जायचं, फोटो नाही, वहीत उतरवलेलं नाही. तिकडच्या काही कोर्समध्ये तर नियमच आहे की चर्चा झाली की टिपणं फेकून द्या, अर्धा तास टीव्हीवर काहीतरी टुकार बघा, आणि मग बसून एकट्याने लिहा. तेव्हा जे डोक्यात राहिलं असेल ते तुमचं. ऐकायला गंमत वाटते पण करून बघा, अर्ध्या तासाने जर तुम्हाला प्रूफ आठवत नसेल तर ते तुम्हाला समजलेलंच नव्हतं, मित्राला समजलं होतं आणि तुम्ही मान हलवत होतात.

बोलायचं किती? "इथे डायक्स्ट्रा चालणार नाही, एज निगेटिव्ह आहेत" हे बोलणं ठीक. "चाळिसाव्या ओळीत मायनस वन कर" हे नाही. एरर मेसेज काय म्हणतोय हे समजावणं ठीक, त्याचा लॅपटॉप आपल्याकडे ओढून टाईप करणं नाही. कोडकडे बघणंच बऱ्याच कोर्सला मना असतं, म्हणजे डिबग करायला म्हणूनसुद्धा. शंका असेल तर विचारा. आणि नावं लिहायला लाजू नका, वरती "चर्चा केली: अमुक, तमुक" असं लिहिल्याने मार्क जात नाहीत, न लिहिल्याने जाऊ शकतात. इंटरनेटवरून काही ओळी उचलल्या, आणि कोर्सला ते चालत असेल, तर तिथेच कॉमेंटमध्ये लिंक टाका.

देणारा आणि घेणारा दोघेही सारखेच दोषी, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण आपल्याला लागू होतं असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या सेमिस्टरला माझ्या रूममेटला ताप होता, डेडलाईनला चार तास, ती रडकुंडीला आलेली, आणि मी माझी फाईल पाठवली, "फक्त बघ, कशी स्ट्रक्चर केलीय ते." तिने बघितली. तापात माणूस किती बघून किती वेगळं लिहिणार. तीन आठवड्यांनी दोघींना मेल. ती मीटिंग मला अजून आठवते, प्रोफेसर ओरडले वगैरे काही नाहीत, दोन प्रिंटआउट शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं की तुम्हीच सांगा. दोघींना त्या होमवर्कला शून्य आणि फायनल ग्रेड एक पायरी खाली. तिला ताप होता तर एक मेल केला असता तर दोन दिवस मिळाले असते, हे नंतर कळलं. लेट डे पण शिल्लक होते तिचे. पुढच्या वर्षी मला ग्रेडर म्हणून घेतलं ते एका दुसऱ्या प्रोफेसरांनी, आणि मी त्यांना हे आधीच सांगितलं होतं.

सापडतं कसं? बहुतेक ठिकाणी मॉस नावाचं टूल वापरतात. ॲलेक्स ऐकेन यांनी ते १९९४ साली बनवलं. ते तुमचं व्हेरिएबलचं नाव, स्पेस, कॉमेंट यांच्याकडे बघतच नाही. कोडचे छोटे छोटे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याचा एक हॅश (त्या तुकड्यावरून काढलेला आकडा) काढतं, आणि त्यातले निवडक हॅश ठशांसारखे जपून ठेवतं, मग दोन फायलींचे ठसे जुळवून बघतं. ठसे निवडायच्या या पद्धतीवर २००३ सालचा त्यांचा पेपर आहे, विनोइंग म्हणतात तिला, म्हणजे आपलं पाखडणं. तर "काउंट"चं "सीएनटी" करून, फॉर लूपचं व्हाईल करून, फंक्शन खालीवर हलवून काही लपत नाही. मागच्या सेमिस्टरची सबमिशनं, गिटहबवर (लोक कोड ठेवतात ती साईट) सापडलेली सोल्युशन्स, हे सगळं प्रोफेसर त्यात टाकू शकतात. आणि शेवटी निर्णय टूल घेत नाही, माणूस घेतो. ग्रेडर असताना मी दोन सबमिशनं बघितली, व्हेरिएबल सगळी वेगळी, पण दोघांच्या आउटपुटमध्ये "सक्सेसफुली"चं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं, आणि दोघांचा प्रोग्राम एकाच विचित्र इनपुटला एकाच पद्धतीने आपटत होता. बरोबर उत्तरं सारखी असू शकतात हो. चुका सारख्या कशा असतील?

ज्यांनी एकट्याने केलंय त्यांनी घाबरायचं कारण नाही. प्रोफेसरने दिलेला स्टार्टर कोड वगळला जातो, आणि दहा ओळींचं फंक्शन सगळ्यांचं सारखंच येणार हे त्यांनाही कळतं. तरी एक सवय लावून घ्या, पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणारं टूल), प्रायव्हेट रिपोमध्ये म्हणजे फक्त आपल्याला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, छोटे छोटे कमिट करा, म्हणजे थोडं थोडं काम नोंदवत जा. "पार्सर अर्धा झाला", "लूपमधला बग काढला", असे पंधरा-वीस कमिट असले तर उद्या कोणी विचारलं तर दाखवता येतं की हे माझ्या हातून कसं वाढत गेलं. रात्री ११:४० ला एकाच कमिटमध्ये सहाशे ओळी आल्या तर काय बोलणार.

आणखी एक, व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्डचे ग्रुप. प्रत्येक बॅचचा असतो, भाजी कुठे स्वस्त मिळते इथपासून सगळं त्यावर. तिथे कोणी होमवर्कच्या उत्तराचा स्क्रीनशॉट टाकला तर तुम्ही मागितला नव्हता तरी तुम्ही तो बघितलात, अशी पंचाईत होते. कोर्सच्या नावाचा वेगळा ग्रुप असेल तर त्यात न राहिलेलं बरं. लोक शिष्ट म्हणतील, म्हणू देत.

एआयचं काय

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर प्रत्येक कोर्सने आपापली रेषा आखली, आणि ती दर सेमिस्टरला हलते. कुठे पूर्ण बंदी, कुठे कन्सेप्ट समजायला चालतं पण कोड नाही, कुठे सगळं चालतं पण काय विचारलं ते जोडा. हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा पहिला कोर्स बघा, तिथे बाहेरची एआय टूल्स चालत नाहीत पण २०२३ पासून त्यांचं स्वतःचं एक एआयचं बदक (म्हणजे बदकाच्या रूपातला चॅटबॉट) आहे, ते उत्तर देत नाही, तुम्हाला उत्तराकडे ढकलतं. सिलॅबसमध्ये काहीच लिहिलं नसेल तर "लिहिलं नाही म्हणजे चालतं" असं धरू नका, मेल करून विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं. आणि जाता जाता, तुमच्या एडिटरमध्ये कोपायलट (कोड सुचवणारं एआय) चालू आहे का बघा. ऑफिसमध्ये चालू ठेवलेलं असतं, टॅब दाबायची सवय लागलेली असते, आणि कोर्सच्या फोल्डरमध्येही ते गपचूप अख्खं फंक्शन भरून देतं. त्या वर्कस्पेसपुरतं बंद करा.

मेल आलाच तर

पहिलं म्हणजे ज्याच्याबरोबर प्रकरण आहे त्याला फोन करून "आपण काय सांगायचं" हे ठरवू नका. ते कळतं आणि साधं प्रकरण मोठं होतं. मेल दोनदा वाचा, जे झालं ते खरं लिहा, मीटिंगला जा. केलं नसेल तर कमिट, ड्राफ्ट, जे आहे ते घेऊन जा आणि शांतपणे समजावा. कोर्स ड्रॉप करून सुटू असं वाटतं पण बऱ्याच ठिकाणी प्रकरण चालू असताना ड्रॉप करता येत नाही. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर इंटरनॅशनल ऑफिसला वेळेत भेटा, कारण सस्पेन्शन झालं तर ते फक्त ग्रेडचं राहत नाही, व्हिसाच्या स्टेटसचं होतं. आणि चूक झालीये पण अजून कोणाला कळलं नाहीये, तर? सीएस५० मध्ये २०१४ पासून एक कलम आहे, ७२ तासांच्या आत स्वतःहून सांगितलं तर त्या होमवर्कपुरती शिक्षा होते, प्रकरण वर जात नाही. सगळीकडे असं लेखी नसतं, पण आधी सांगणाऱ्याकडे आणि सापडणाऱ्याकडे बघायची नजर वेगळी असते हे मी ग्रेडरच्या बाजूने बघितलंय.

ग्रेड कसे बघायचे

ए म्हणजे ४, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ३.० च्या खाली गेलं की प्रोबेशन. म्हणजे एक सी भरून काढायला एक ए लागतो, तेव्हा कुठे काठावर. ४० ला पास, केटी लागली तर पुढच्या वेळी काढू, ते दिवस गेले.

पण मार्क बघून लगेच रडूही नका. पहिल्या मिडटर्मला मला १०० पैकी ५१ पडले, मी घरी फोन करून सांगितलं की माझं काही खरं नाही. दोन दिवसांनी मीडियन (वर्गातल्या मधल्या विद्यार्थ्याचे मार्क) आला, ४७. कर्व्ह असलेल्या, म्हणजे वर्गाच्या तुलनेत ग्रेड देणाऱ्या, कोर्समध्ये ५१ चा बी प्लस होऊ शकतो, आणि कर्व्ह नसलेल्या कोर्समध्ये ८९ चाही बी प्लसच होऊ शकतो. त्यामुळे मार्कांआधी सिलॅबसमध्ये कर्व्ह आहे का ते, मग मीन, मीडियन बघायचे. आणि कॅनव्हासवर (कोर्सची वेबसाईट) जो टोटल दिसतो त्यावर विश्वास ठेवू नका, न तपासलेलं त्यात बहुतेक वेळा धरलेलं नसतं, कधीकधी टक्केही नीट लावलेले नसतात. स्वतःची एक्सेल शीट करा, पाच मिनिटांचं काम आहे.

कोर्स खरंच झेपत नसेल तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स मध्येच सोडला अशी नोंद) घेऊन बाहेर पडणं हे एफपेक्षा कितीतरी चांगलं, पण फुलटाईमची अट, मास्टर्सला बहुधा ९ क्रेडिट, ती तुटते का ते इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आधी परवानगी, मग ड्रॉप. त्या ९ मध्ये ऑनलाईन कोर्स एकच धरतात, ३ क्रेडिटचा, हेही लक्षात ठेवा.

मार्क चुकले असं वाटलं तर रिग्रेड मागता येतं. आपल्याकडे रिव्हॅल्युएशनला फी भरा, फोटोकॉपी मागवा, मग महिने वाट बघा. तिकडे फुकट आहे पण मुदत छोटी, बहुतेकदा आठवडाभर. आणि मागायची एक पद्धत आहे. "मी खूप मेहनत केली होती" हे वाक्य वाचून ग्रेडरला वाईट वाटतं, मार्क वाढत नाहीत. रुब्रिकची (कशाला किती मार्क याची यादी) कुठली ओळ चुकीची लागलीय आणि तुमच्या उत्तरात कुठल्या पानावर ते बरोबर आहे, एवढंच लिहा, दोन ओळी. लक्षात ठेवा, काही ठिकाणी अख्खा प्रश्न परत तपासतात आणि मार्क कमीही होऊ शकतात. अर्ध्या मार्कासाठी मागायला येणाऱ्यांचे मी दोनदा कमी केलेत, इलाज नव्हता, आधी माझ्याच नजरेतून सुटलं होतं.

दुसऱ्याचे मार्क कोणी सांगणार नाही. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे, त्यामुळे नोटीस बोर्डावर नावासकट रिझल्ट लागत नाही, आणि बाबांनी विद्यापीठात फोन केला तरी तुमच्या परवानगीशिवाय त्यांना काही कळत नाही. हे वाचून किती जणांना हायसं वाटलं ते मला माहितीये.

या सगळ्याच्या आधी, खरं तर, ऑफिस अवर, म्हणजे टीए आणि प्रोफेसर शंकांसाठी बसतात ती वेळ. टीएला विचारणं हे कुठल्याही कोर्समध्ये चीटिंग नसतं, हक्काची मदत असते, आणि आपली पोरं तिथेच जात नाहीत, लाज वाटते म्हणून. होमवर्क आल्या दिवशी गेलात तर तीन जण असतात, डेडलाईनच्या दिवशी चाळीस. काय करून बघितलं आणि कुठे अडलं ते सांगा, "होत नाहीये" एवढंच नका सांगू. समोर जायला जमत नसेल तर पियाझा असतं, कोर्सचे प्रश्न विचारायची वेबसाईट. ते पूजा शंकर यांनी काढलं, त्या आयआयटी कानपूरला शिकल्या, वर्गात मुली इतक्या थोड्या की मुलांचे घोळके एकत्र होमवर्क करायचे आणि पूजा बाजूला एकट्याच अडून बसायच्या, त्यातून नंतर ही कल्पना निघाली. तिथे नाव लपवूनही विचारता येतं. फक्त आपला कोड टाकायचा असेल तर पोस्ट प्रायव्हेट करा, सगळ्यांना दिसेल असा टाकला तर तेही शेअरिंगच धरतात.

सेमिस्टर संपलं तरी एक काम उरतं. प्लेसमेंटसाठी म्हणून लोक होमवर्कचे रिपो पब्लिक करतात, आणि पुढच्या बॅचमधला कोणीतरी ते उचलतो, की जुना विद्यार्थी म्हणून तुमच्यापर्यंत मेल येतो. गिटहबवर प्रायव्हेट रिपो २०१९ पासून फुकट आहेत, ठेवा तसेच. रिक्रूटरने मागितलं तर आणि कोर्सला चालत असेल तर त्याला एकट्याला ॲक्सेस द्या, नाहीतर स्वतःचं काहीतरी बनवून दाखवा.

आणि ज्युनियरचा मेसेज येणारच, "दादा/ताई, होमवर्क तीनचा कोड आहे का, फक्त बघायचाय." त्यासाठी माझ्या फोनमध्ये एक उत्तर कायमचं सेव्ह केलेलं आहे, हवं तर कॉपी करा, याला मॉस लागत नाही: "कोड नाही देणार रे. पण आत्ता फोन कर, तुला कुठे अडलंय ते सांग, आपण बोलू. लॅपटॉप बंद ठेव."